वुलारॉकचें विमान

अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत बार्टल्सव्हिल नांवाचें एक शहर आहे. त्याच्या नैर्ऋत्येस सुमारें १२ मैलांवर, ऑसेज टेकड्यांमधील ओकच्या झाडींत, वुलारॉक नांवाची एक जुनी रँच लागते. रँच म्हणजे गुराढोरांसाठीं राखलेलें विस्तीर्ण कुरण आणि त्यांतील मालकाची वस्ती. येथें अजूनहि बायसन जातीचे रानबैल, लांब शिंगांचीं गुरें आणि सांबरासारखीं एल्क हरणें मोकळीं चरतात. कुरणांत स्थानिक दगडाची एक इमारत असून तिच्यांत संग्रहालय आहे. ऑसेज लोकांच्या व इतर मूळ रहिवाशांच्या वापरांतील वस्तू, गुराख्यांचें सामान, कोल्ट बनावटीचीं पिस्तुलें, रेमिंग्टन व रसेल यांच्या चित्रकृति असा पश्चिम अमेरिकेच्या जुन्या जीवनाचा संसार तेथें मांडलेला आहे. या मंडळींत एक पाहुणा मात्र अगदींच वेगळ्या जातीचा दिसतो. तें एका इंजिनाचें, उंच बसविलेल्या पंखांचें एक विमान आहे. त्याचें नांवहि वुलारॉकच.

खोगिरांच्या आणि पिस्तुलांच्या गर्दींत विमान कसें शिरलें, असें पाहणाऱ्यास वाटणें साहजिक आहे. पण या घरांत विमानच वडील आहे आणि बाकीच्या वस्तू मागाहून आलेल्या आहेत. १९२९ सालीं केवळ हें विमान ठेवण्यासाठीं एक दगडी मंडप उभारण्यांत आला आणि त्या मंडपाचेंच पुढें संग्रहालय झालें. एका विमानाकरितां एवढा थाट करावा असें त्यानें केलें तरी काय, हें समजण्यासाठीं १९२७ च्या उन्हाळ्याकडे वळावें लागतें.

प्रथम रँचच्या मालकाविषयीं थोडें. फ्रँक फिलिप्स याचा जन्म १८७३ सालीं नेब्रास्कांत झाला. तरुणपणीं आयोवा संस्थानांत तो न्हाव्याचा धंदा करी, आणि केस उगवण्याचें औषधहि विकी. पुढें एका पेढीवाल्याच्या कन्येशीं त्याचा विवाह झाला, वस्तऱ्याच्या जागीं हिशेबाची वही आली, आणि ओक्लाहोमांत तेल सांपडत असल्याची वार्ता ऐकून तो बार्टल्सव्हिल येथें येऊन राहिला. १९१७ सालीं भावासह त्यानें फिलिप्स पेट्रोलियम कंपनी स्थापन केली. १९२५ सालीं रँच घेतली. झाडी, तळीं आणि खडक यांना इंग्रजींत वुड्स, लेक्स आणि रॉक्स म्हणतात. त्या तिन्ही शब्दांचे तुकडे जोडून वुलारॉक हें नांव तयार झालें. गृहस्थ मोठा हौशी होता. रँचवर तो असा मेळा भरवी कीं त्यांत पेढ्यांचे मालक, ऑसेज पुढारी, गुराखी आणि पोलिस अधिकारी यांच्या पंक्तीला जुने दरोडेखोरहि बसत, आणि त्या दिवसापुरतें कोणीं कोणास धरावयाचें नाहीं असा करार असे. विमानविद्येचें त्याला वेड होतें. पण त्या वेडांत व्यवहारहि होता. त्याची कंपनी नैसर्गिक वायूपासून हलकें पेट्रोल काढी, आणि विमानांना तसेंच पेट्रोल हवें होतें.

१९२७ च्या मे महिन्यांत चार्ल्स लिंडबर्ग यानें न्यूयॉर्कहून एकट्यानें उड्डाण करून अटलांटिक महासागर ओलांडला आणि २१ तारखेस तो पॅरिसला उतरला. साऱ्या जगावर या पराक्रमाची नशा चढली. अवघ्या चार दिवसांनीं, २५ मे रोजीं, हवाई बेटांतील अननसाचा मोठा व्यापारी जेम्स डोल यानें बक्षिसें जाहीर केलीं. अमेरिकेच्या भूमीवरून उडून वाटेंत कोठेंहि न थांबतां जो प्रथम होनोलुलूस पोहोंचेल त्याला २५,००० डॉलर आणि दुसऱ्यास १०,००० डॉलर. उड्डाण १२ ऑगस्टनंतर एक वर्षाच्या आंत व्हावें एवढीच मुदतीची अट होती. डोल याचा हेतु वाईट नव्हता. हवाई बेटें बोटीनें कित्येक दिवसांच्या वाटेवर होतीं, तीं एका दिवसाच्या वाटेवर यावीं ही त्याची इच्छा. अननसाचा गाजावाजाहि होणार होता, हें वेगळें. परंतु वर्षभराची मुदत असतांना सर्व स्पर्धकांनीं पहिल्याच दिवसावर डोळा ठेवला. कारण दुसऱ्या दिवशीं निघणाऱ्यास पहिलें बक्षीस मिळण्याची आशा कोठली! एका उदार देणगीची पाहतां पाहतां शर्यत झाली आणि तयारीला जेमतेम अकरा आठवडे उरले.

या ठिकाणीं अटलांटिक आणि पॅसिफिक यांच्यांतील एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्यावरच उभी आहे. लिंडबर्गच्या समोर एक सबंध खंड पसरलें होतें. वाटेंत शे-दोनशें मैलांनीं चूक झाली असती तरी युरोपचा कोठला ना कोठला किनारा त्याला लागणारच होता. कॅलिफोर्नियांतील ओकलंडहून हवाई बेटें सुमारें २,४०० मैल; म्हणजे मुंबई ते दिल्ली या हवाई अंतराच्या तिपटीहून अधिक. तेवढें सगळें पाणीच, आणि त्या पाण्याच्या शेवटीं बेटांची एक लहानशी माळ. निघतांना दिशेंत एका अंशाची चूक झाली तर २,४०० मैलांच्या अखेरीस ती ४० मैलांवर जाते. चार अंशांची चूक आणि वाऱ्याचा थोडा रेटा एवढ्यानें सबंध माळ बाजूला राहावयाची. आणि ती चुकल्यावर पलीकडे हजारों मैल पुन्हां पाणीच. तेव्हां अटलांटिकवर इंजिन शाबूत राहिलें कीं निम्मी लढाई जिंकली होती. पॅसिफिकवर इंजिन उत्तम चालत असतांनाहि माणूस नाहींसा होऊं शकत होता.

हें केवळ तर्कानें काढलेलें अनुमान नव्हे. शर्यतीपूर्वींच दोन विमानें त्या वाटेनें जाऊन पोहोंचलीं होतीं. जूनच्या अखेरीस सैन्यांतील मेटलंड व हेगनबर्गर हे दोन लेफ्टनंट तीन इंजिनांच्या विमानानें २५ तास ५० मिनिटांत होनोलुलूजवळ उतरले. हेगनबर्गर हा मार्गशोधनाच्या विद्येंत नाणावलेला; तरीहि पहाटे त्यांना दीपस्तंभ दिसला तो माळेच्या उत्तर टोंकाच्या काउआई बेटावरचा. आणखी थोडे उत्तरेस असते तर तोहि दिसता ना. जुलैंत अर्नी स्मिथ व एमरी ब्रॉन्टी हे दोघे नागरी वैमानिक निघाले. त्यांचें पेट्रोल संपलें आणि मोलोकाई बेटावरील काटेरी झाडांत विमान आपटून ते कसेबसे वांचले. या दोन्ही जोड्यांत एकजण विमान हांकणारा आणि दुसरा वाट शोधणारा होता. ही उड्डाणें डोल याच्या मुदतीपूर्वींचीं असल्यामुळें बक्षीस शाबूतच राहिलें.

ऑगस्ट उजाडला तसे स्पर्धक ओकलंडच्या नव्या विमानतळावर जमूं लागले, आणि शर्यत सुरू होण्यापूर्वींच मृत्यु येऊन दाखल झाला. १० ऑगस्ट रोजीं आरमारांतील कॉव्हेल व वॅगनर हे दोन लेफ्टनंट सॅन दिएगोहून ओकलंडकडे येत असतां धुक्यांत किनाऱ्याच्या कड्यावर आदळून ठार झाले. त्याच आठवड्यांत आर्थर रॉजर्स नांवाचा इंग्रज वैमानिक आपल्या विमानाची चांचणी घेतांना मरण पावला. तीन पंखांचें एक विमान सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत पडलें. त्यांतील माणसें सुदैवानें बचावलीं. इकडे परीक्षकांनीं मार्गशोधकांची परीक्षा घेतली तेव्हां कित्येकांची तयारी अपुरी असल्याचें दिसून आलें. अखेर शर्यत चार दिवस, म्हणजे १६ ऑगस्टपर्यंत, पुढें ढकलण्यांत आली. चार दिवसांत विमानाची डागडुजी होईल. परंतु ताऱ्यांवरून आपलें स्थान काढण्याची विद्या चार दिवसांत कोणास येते? जी गोष्ट शाळेंतील पोरासहि समजावी ती समितीच्या थोरांना उमगली नाहीं, किंवा उमगूनहि गर्दीपुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं.

आर्थर गोबेल हा हॉलिवुडच्या चित्रपटांसाठीं आकाशांत कसरती करून दाखविणारा वैमानिक. विचिटा येथील वॉल्टर बीच याच्या ट्रॅव्हल एअर कारखान्यांत त्यानें आपलें विमान बांधविण्यास घातलें. पण पैसा अपुरा पडला. तेव्हां फ्रँक फिलिप्स यानें मदतीचा हात पुढें केला आणि विमानास आपल्या रँचचें नांव दिलें. त्याच कारखान्यांतील दुसरें एक विमान, ‘ओक्लाहोमा’, यालाहि फिलिप्सचाच आश्रय होता. ‘वुलारॉक’चें इंजिन राइट व्हर्लविंड, नऊ सिलिंडरांचें, सुमारें २०० अश्वशक्तीचें; लिंडबर्गनें वापरलेल्याच जातीचें. म्हणजे यंत्राच्या बाबतींत ‘वुलारॉक’ इतरांहून फारसें श्रेष्ठ होतें असें नाहीं. गोबेलनें शहाणपण केलें तें सोबती निवडण्यांत. आरमारांतील विल्यम डेव्हिस हा लेफ्टनंट त्यानें मार्गशोधक म्हणून घेतला, आणि विमानांत बिनतारी संदेश पाठविण्याचें व ऐकण्याचें अशीं दोन्ही यंत्रें बसविलीं.

या बिनतारी यंत्राचा उपयोग गप्पा मारण्यापुरता नव्हता. सैन्यानें सॅन फ्रान्सिस्को येथें आणि हवाईमधील माउई बेटावर आकाशवाट दाखविणारीं केंद्रें उभारलीं होतीं. केंद्रांतून तारायंत्राच्या कडकट्टाचीं दोन अक्षरें एकसारखीं सोडलीं जात. विमान वाटेच्या एका अंगास गेलें तर कानावर ‘कट्ट-कड’ येई, दुसऱ्या अंगास गेलें तर ‘कड-कट्ट’. आणि वाटेच्या नेमकें मधोमध असलें म्हणजे दोन्ही अक्षरें एकमेकांत मिसळून एक लांब नाद ऐकूं येई. काळोख्या रात्रीं, खालीं ढग आणि वर ढग असतां, त्या नादाच्या धाग्याला धरून चालावयाचें! शिवाय वारा विमानाला किती बाजूस रेटीत आहे हें पाहण्यासाठीं डेव्हिस समुद्रांत धुराचे गोळे टाकी, आणि आकाश मोकळें मिळेल तेव्हां ताऱ्यांचे व सूर्याचे वेध घेई.

१६ ऑगस्टच्या दुपारीं ओकलंड येथें हजारों माणसें लोटलीं होतीं. आठ विमानें रांगेंत उभीं होतीं. पेट्रोलानें तीं इतकीं जड झालीं होतीं कीं जमीन सोडणें हीच पहिली परीक्षा ठरली. सर्वांत प्रथम ‘ओक्लाहोमा’ उडालें. परंतु इंजिन फाजील तापल्यामुळें तें परत फिरलें. ‘एल एन्कांतो’ धांवपट्टीवरच कोसळलें. ‘पॅबको पॅसिफिक फ्लायर’ दोनदां प्रयत्न करूनहि उडालें नाहीं. ‘डॅलस स्पिरिट’ उडालें, पण अंगावरील कापड फाटल्यामुळें माघारीं आलें. समुद्राची वाट धरली ती चौघांनीं: ‘गोल्डन ईगल’, ‘मिस डोरन’, ‘अलोहा’ आणि ‘वुलारॉक’.

यांतील ‘मिस डोरन’ हें नांव एका शिक्षिकेचें होतें. मिल्ड्रेड डोरन ही मिशिगन संस्थानांतील २२ वर्षांची तरुणी लहान मुलांना शिकवीत असे. तिच्या शिक्षणास फ्लिंट शहरांतील मलोस्का या तेलाच्या व्यापाऱ्यानें साह्य केलें होतें, आणि विमानहि त्यानेंच पुरविलें. ती वैमानिक नव्हती, मार्गशोधकहि नव्हती. हवाईस विमानानें जाणारी पहिली स्त्री व्हावें एवढीच तिची हौस. तिचा वैमानिक कोण असावा हें नाणें उडवून ठरलें, आणि कौल ऑगी पेडलर याच्या बाजूनें पडला. पहिला मार्गशोधक परीक्षेंत उतरला नाहीं म्हणून आरमारांतील व्हिलास नोप यास घेण्यांत आलें. वृत्तपत्रांनीं या मुलीचीं छायाचित्रें छापून तिला शर्यतीची राणी करून सोडलें होतें. त्या दुपारीं ‘मिस डोरन’ उडालें आणि थोड्याच वेळांत इंजिन अडखळूं लागल्यामुळें परत उतरलें. इंजिनाच्या ठिणगीच्या कळा बदलण्यांत आल्या. आतां जाऊं नको, असें तिला अनेकांनीं विनविलें. तिनें ऐकलें नाहीं. ती पुन्हां आपल्या जागीं जाऊन बसली आणि विमान दुसऱ्यांदा उडालें. ज्या मुलीला वर्गांत कोणी तिच्या इच्छेविरुद्ध बसवून ठेवूं शकत नव्हतें, तिला एवढ्या जनसमुदायासमोर, एवढ्या छायाचित्रांनंतर, खालीं उतरून घरीं जाणें किती अवघड झालें असेल! तिच्या धैर्याविषयीं शंका नाहीं; पण त्या दिवशीं तिला धैर्याहून मोकळीकीची अधिक गरज होती.

समुद्रावर धुकें व ढग होते. ‘अलोहा’ चालविणारा मार्टिन जेन्सन रात्रभर ढगांशीं झगडला; विमान अनेकदां लाटांच्या अगदीं जवळ आलें. त्याचा मार्गशोधक पॉल श्ल्यूटर हा जहाजांवरचा जुना माणूस. सकाळीं बेटें दिसेनात, तेव्हां माथ्यावरच्या सूर्याचा वेध घेऊन अक्षांश नक्की करीपर्यंत त्यानें विमान पुढें जाऊं दिलें नाहीं. पेट्रोल संपत चाललेलें असतां थांबून वाट पाहणें ही गोष्ट सोपी नव्हे. पण त्या थांबण्यानेंच दोघांचे प्राण वांचले.

‘वुलारॉक’ मात्र नादाच्या धाग्यानें जवळजवळ सरळ चाललें होतें. डेव्हिसचे संदेश जहाजांना व किनाऱ्यावर ऐकूं येत होते, त्यामुळें तें कोठें आहे हें जगाला ठाऊक होतें. १७ ऑगस्ट रोजीं भर दुपारीं तें ओआहू बेटावरील व्हीलर फील्ड येथें उतरलें. प्रवासास २६ तास १७ मिनिटें लागलीं. तेथेंहि हजारों लोक जमले होते. सुमारें दोन तासांनीं ‘अलोहा’ आलें. त्याच्या टांकींत पेट्रोल थोडेंच उरलें होतें. जेन्सनची पत्नी तोंवर त्याच मैदानावर वाट पाहत उभी होती.

मग सर्वजण उरलेल्या दोन विमानांची वाट पाहूं लागले. गणितानें पेट्रोल संपण्याची घटका आली आणि गेली. विजयाचे हार गळ्यांत असतांना गोबेल व डेव्हिस यांच्या भोंवतीं जमलेली माणसें पुन्हां पुन्हां आकाशाकडे पाहत होतीं. ‘गोल्डन ईगल’मध्यें जॅक फ्रॉस्ट व गॉर्डन स्कॉट होते, हें लॉकहीड कंपनीनें बांधलेलें व्हेगा जातीचें पहिलेंच विमान, अत्यंत वेगवान. ‘मिस डोरन’मध्यें तिघेजण होते. पांचांपैकीं एकहि आला नाहीं. आरमारानें मोठा शोध चालविला, जहाजांनीं समुद्र पालथा घातला. पण लांकडाची एक फळीहि निश्चितपणें हातीं लागली नाहीं.

‘डॅलस स्पिरिट’चा वैमानिक विल्यम अर्विन हा पहिल्या महायुद्धांतील नांवाजलेला योद्धा. विमान दुरुस्त होतांच १९ ऑगस्ट रोजीं तो अल्विन आइशवाल्ट या दर्यावर्दी मार्गशोधकासह हरवलेल्यांच्या शोधासाठीं निघाला. या वेळीं विमानांत बिनतारी संदेश पाठविण्याचें यंत्र होतें. तासन् तास त्यांचे संदेश येत राहिले. त्यांत थट्टाविनोदहि होता. रात्रीं एकाएकीं कळविण्यांत आलें कीं विमान गिरक्या घेत खालीं चाललें आहे. क्षणभरानें, सावरलें, असा संदेश आला. पुन्हां गिरकी लागल्याचें शेवटचें वाक्य अर्ध्यावर थांबलें आणि यंत्र कायमचें मुकें झालें. ओकलंडपासून सहाशें-सातशें मैलांवर हें घडलें. शर्यतीपूर्वींचे तीन आणि नंतरचे सात मिळून दहा माणसें या बक्षिसापायीं गेलीं.

अमेरिकेंत यावर मोठी टीका झाली. पुष्कळांनीं डोल यास दोष दिला, कांहींनीं वैमानिकांच्या अविचारास. बक्षिसें देणें हा गुन्हा म्हणावा तर लिंडबर्गचें उड्डाणहि २५,००० डॉलरांच्या बक्षिसासाठींच झालें होतें. दोष होता तो घाईचा. आणि यंत्राचें कौतुक करतांना वाट शोधणाऱ्या माणसास दुय्यम समजण्याचा. पुढल्याच वर्षीं, १९२८ च्या मे-जूनमध्यें, किंग्जफोर्ड स्मिथ यानें ओकलंडहून हवाई व फिजी या मार्गानें ऑस्ट्रेलिया गांठलें तेव्हां त्याच्या तीन इंजिनांच्या विमानांत चार माणसें होतीं. त्यांपैकीं एक केवळ मार्गशोधक आणि एक केवळ बिनतारी यंत्र सांभाळणारा. १९३५ सालीं पॅन अमेरिकन कंपनीचीं टपालाचीं विमानें त्याच समुद्रावरून नियमानें जाऊं लागलीं, आणि पुढच्या वर्षीं साधे उतारू तिकीट काढून हवाईस पोहोंचूं लागले.

‘वुलारॉक’ परत आलें तें अखेर ज्याचें नांव त्यानें धारण केलें होतें त्याच भूमीवर. फिलिप्सनें बांधलेला मंडप प्रथम केवळ विमानापुरताच होता. पण घरांत एक मौल्यवान वस्तु आली म्हणजे लोक दुसऱ्या आणून देतात. कोणी बाण दिले, कोणी चित्रें दिलीं. मालकानेंहि संग्रहाचा सपाटा लाविला, आणि भिंती वाढवीत नेतां नेतां मंडपाचें मोठें संग्रहालय बनलें. १९४४ सालीं रँच एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन करण्यांत आली. १९५० च्या ऑगस्टमध्यें फिलिप्स वारला. त्याची समाधि रँचवरच आहे. गोबेल १९७३ पर्यंत जगला. डेव्हिस आरमारांत चढत चढत व्हाइस ॲडमिरलच्या हुद्यास पोहोंचला.

रँचवर येणारीं मुलें बायसन पाहून झाल्यावर विमानाशीं येतात आणि बहुधा पुढूनच पाहतात. नाकाडावर चक्राकार बसविलेलीं नऊ सिलिंडरें तेथें स्पष्ट दिसतात. गोबेल या इंजिनाच्या मागें बसत असे. त्याच्या पाठीमागें पेट्रोलाची मोठी टांकी, आणि टांकीच्या पलीकडे, शेपटीच्या बाजूस, एक अरुंद जागा आहे. कानाला यंत्र लावून डेव्हिसनें ते २६ तास तेथें काढले.